गाडीच्या दारावरची अक्षरं

कोगनोळीचा टोलनाका, सकाळी सातची वेळ. रस्त्याच्या डाव्या अंगाला कर्नाटक पोलिसांची बोलेरो उभी आहे. तिच्याकडे कुणी मान वळवून बघत नाही. तरी कागलच्या कारखान्यांकडे कामाला निघालेली पोरं तिच्यापाशी आली की वेग उतरवतात, आणि आरशाला अडकवलेलं हेल्मेट डोक्यावर चढतं. तिथून थोडं पुढे दूधगंगेचा पूल. पुलापलीकडे गेलं की महाराष्ट्र पोलिसांची गाडी उभी असते, तीही बोलेरोच. दोन्ही नाशिकच्या कारखान्यातून आलेल्या. मी या दोन गाड्यांच्या मधल्या पट्ट्यात वाढलो, म्हणून ही टिपणं.

*

निपाणी-बेळगावच्या माणसाला गाडी वाचायला कुणी शिकवत नाही. नंबर आधी, रंग नंतर, अक्षरं शेवटी. केए-22 बेळगाव. केए-23 चिकोडी, निपाणीही त्यातच. केए-49 गोकाक. एमएच-09 कोल्हापूर आणि एमएच-10 सांगली हे नंबरही घरचेच, कारण लेकी तिकडे दिलेल्या असतात. केएच्या आकड्यांनंतर एकटं 'जी' अक्षर दिसलं की गाडी कर्नाटक सरकारची, 'एफ' दिसलं की बस. एसटीचं वेगळं. ती कोल्हापूर डेपोची असली तरी जुन्या गाड्यांवर एमएच-14, एमएच-20 नाहीतर एमएच-40 असतं, कारण त्या बांधल्या जातात दापोडीला, चिकलठाण्याला किंवा हिंगण्याला.

हा पोरांचा खेळ म्हणून सुरू होतो. नंतर तो खेळ राहत नाही. सीमावाद पेटला तेव्हा, 6 डिसेंबर 2022 रोजी, बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या मालट्रकांवर दगड पडले, आणि तिकडे महाराष्ट्रात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळं फासलं गेलं. गाडीत कोण बसलंय हे त्या दिवसांत कुणी पाहत नव्हतं, पाटीवरची पहिली दोन अक्षरं पाहत होते. बेळगावच्या मराठी माणसाची गाडी केए-22 असते. आपल्याच माणसांच्या लग्नाला कोल्हापूरला जायचं तर त्याला पुलापलीकडे भीती, आणि पाहुण्यांची एमएच-09 गाडी घेऊन घरी यायचं तर पुलाअलीकडे. तेव्हा पुलाच्या दोन्ही टोकांना पोलिसांच्या गाड्या दिसल्या की बरं वाटायचं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे याच्या उलटही लिहायचं आहे.

*

दारावरचा शब्द. आपण 'पोलीस' लिहितो. कन्नडमध्येही शब्द तोच, पण लिहिताना दोन फरक पडतात. कन्नडमध्ये ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ यांना वेगळ्या खुणा आहेत, आणि या शब्दात ऱ्हस्व ओ येतो. शेवटच्या 'स'चा तर पाय मोडावाच लागतो. मराठी वाचताना शब्दाच्या टोकाचा अकार आपण न सांगता गाळतो. कन्नड वाचणारा गाळत नाही, तो लिहिलेलं सगळं म्हणतो.

मला कन्नड लिपी शाळेआधी रस्त्याने शिकवली. बसच्या पाट्या, दुकानांचे फलक. पण मला पूर्ण लागलेला पहिला शब्द पोलिसांच्या जीपवरचा होता. खाली इंग्रजी होतं, त्याच्यावर बोट ठेवून वरची अक्षरं एकेक जुळवली. सहा-सात वर्षांचा असेन. वडिलांना म्हणून दाखवलं तर ते म्हणाले, "शाबास. पण त्या गाडीपाशी उभारून वाचू नको."

*

दोन गाड्यांची चिन्हं. कर्नाटकच्या दारावर गंडभेरुंड, दोन तोंडांचा पक्षी. महाराष्ट्राच्या दारावर पाच टोकांच्या ताऱ्यात उघडा पंजा, आणि खाली 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय'. लाल आणि निळा हे पोलिसांचे रंग दोन्हीकडे सारखे. गाडी कुठल्या बाजूची, हे आमच्याकडे पूर्वी लांबूनच कळायचं ते तिच्याशेजारी उभ्या असलेल्या शिपायामुळे. कर्नाटकच्या शिपायाची एका बाजूने कड दुमडलेली तिरकी टोपी. 2025 च्या ऑक्टोबरअखेरीस तिच्या जागी निळी पीक कॅप आली. शिपायांच्या दृष्टीने हे चांगलंच झालं, ती टोपी गर्दीत धावताना डोक्यावर राहत नसे. पण धुक्यात कोगनोळीला उभ्या माणसाची आकृती पाहून राज्य ओळखायची आमची एक खूण गेली.

*

ब्रिटनमध्ये पोलिसाच्या टोपीवर काळ्या-पांढऱ्या चौकटींची पट्टी असते. ती 1932 मध्ये ग्लासगोचा पोलीसप्रमुख पर्सी सिलिटो याने आणली. कल्पना स्कॉटिश पलटणींच्या टोप्यांवरून घेतलेली. कारण साधं होतं: पीक कॅप घालणारे इतर नोकरही रस्त्यावर असत, आणि अडचणीतल्या माणसाला गर्दीत पोलीस कोणता ते कळेना. म्हणजे ती पट्टी पोलिसाच्या रुबाबासाठी नव्हती, त्याला शोधणाऱ्यासाठी होती. हीच चौकट पुढे जगभरच्या पोलिसांच्या टोप्यांवर आणि गाड्यांवर गेली.

*

तवंदी घाट, निपाणीहून बेळगावकडे येताना. काही वर्षांपूर्वीची आषाढातली रात्र. पाऊस असा की वायपर चालू असून काच दिसत नव्हती. वळणावर एक मालट्रक कलंडला होता, हे आम्हाला नंतर कळलं. आधी दिसलं ते काहीच नाही. मेहुण्याने ब्रेक का दाबला हे त्यालाही सांगता येत नाही. गाडी सरकत जाऊन थांबली तेव्हा समोर तीन-चार हातांवर पोलिसांची गाडी उभी होती. मदतीलाच आलेली, पण दिवे बंद. मागच्या दारावरचा पट्टा उन्हाने विटलेला, अक्षरांचे कोपरे निघालेले, आमच्या दिव्यांत त्यातलं काही चमकलं नाही. दोन शिपाई खाली दरीच्या बाजूला ड्रायव्हरला काढत होते. त्यातला एक नंतर आमच्या खिडकीपाशी आला, नखशिखांत भिजलेला, आणि त्यानेच आम्हाला विचारलं, "लागलं नाही ना कुणाला?" ती गाडी कुठल्या ठाण्याची ते मी पाहिलं नाही, आणि त्या दोघांना दोष द्यावा असं आजही वाटत नाही. पण त्या रात्री आम्ही त्यांना मारलं असतं.

*

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो.

इंग्लंडमध्ये 1950 च्या दशकात पोलिसांच्या गाड्या काळ्या होत्या, वूल्झली कंपनीच्या, पुढे घंटा बसवलेली. मग वेगाचे मोटरमार्ग आले. त्या वेगात काळी गाडी दिसेपर्यंत उशीर होतो, म्हणून गाड्या पांढऱ्या झाल्या आणि बाजूला लाल पट्टा आला. लोक तिला जॅम सँडविच म्हणत. पण कडेला थांबलेल्या गाडीवर मागून येऊन आदळण्याचा धोका उरलाच. 1990 च्या दशकात पोलिसांच्याच वैज्ञानिक संशोधन शाखेने नवी खूण तयार केली: गाडीच्या बाजूवर पिवळ्या आणि निळ्या मोठ्या चौकटी, एकाआड एक. बॅटनबर्ग म्हणतात तिला, त्याच नावाच्या चौकटीच्या केकवरून. उद्दिष्ट होतं की गाडी 500 मीटरवरून पोलिसांची म्हणून ओळखू यावी.

तिची करामत दोन गोष्टींत आहे. पिवळा रंग साधा नसतो, लिंबाच्या झाकेचा, संध्याकाळच्या उरल्यासुरल्या उजेडातही पेटल्यासारखा दिसणारा. आणि चौकटींच्या कागदात अतिसूक्ष्म लोलक असतात. दिव्याचा झोत कुठूनही पडो, ते तो जिथून आला त्याच दिशेला परत पाठवतात, म्हणजे ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे. गाडीची बॅटरी संपली, दिवे फुटले, तरी चौकटी काम करतात. तवंदीच्या वळणावर मला हेच हवं होतं. रुग्णवाहिकेच्या चौकटी पिवळ्या-हिरव्या, अग्निशमनाच्या पिवळ्या-लाल. कोण आलंय हे अक्षर वाचण्याआधीच कळतं, आणि अक्षर न येणाऱ्यालाही कळतं.

त्यांच्या महामार्गावरच्या गाडीची डिकी उघडली की शंकू असतात, अपघाताचा घडीचा फलक असतो, प्रथमोपचाराची पेटी, फावडं, आणि झाडू. त्या झाडूपाशी मी थांबलो. काच फुटून रस्त्यावर पसरली की मागच्या दुचाकीवाल्याचा जीव त्या झाडूवर असतो. आमच्याकडे शिपाई बुटाने काच बाजूला सारतो, नाहीतर करंजाची फांदी तोडून आणतो.

*

आमच्याकडच्या पोलिसांच्या गाडीत मागे काय असतं, ते बाजारच्या दिवशी उघड्या दारातून पाहिलेलं: लाठ्यांची मोळी, हेल्मेट, दोन-तीन ढाली, दोराचं वेटोळं, पाण्याचा कॅन, कुणाचा तरी जेवणाचा डबा. महामार्गावरच्या इंटरसेप्टर गाडीत वेग मोजायचं यंत्र. बंदोबस्ताच्या गाड्यांना काचांवर जाळी. गर्दी पांगवायच्या मोठ्या गाड्यांना नावं आहेत: अश्रुधुराची नळकांडी फेकणारी 'वज्र', पाण्याचा मारा करणारी 'वरुण'. अश्रुधुराची नळकांडी येतात ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूरहून, तिथे सीमा सुरक्षा दलाचा कारखाना 1976 पासून आहे. बेंगळुरूत गस्तीच्या गाडीला 'होयसळ' म्हणतात. आठशे वर्षांपूर्वी होयसळांचा दुसरा बल्लाळ आणि देवगिरीच्या यादवांचा पाचवा भिल्लम यांची याच मुलखासाठी सोरटूरला लढाई झाली होती. नावं ठेवणाऱ्यांच्या मनात तसं काही नसणार. पण आमच्या पट्ट्यात कुठलंही जुनं नाव नुसतं नाव म्हणून येत नाही.

*

आता ते उलट बाजूचं.

6 एप्रिल 1981. निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले होते. गोळीबार झाला, शेतकरी मेले. 1 जून 1986. कन्नडसक्तीच्या विरोधातल्या आंदोलनात नऊ जण गेले. हिंडलग्याला हुतात्मा स्मारक आहे, दरवर्षी त्या तारखेला लोक तिथे जातात. त्याआधी 17 जानेवारी 1956, सीमाप्रश्नावरून बेळगावातला गोळीबार.

ज्या घरात अशी तारीख पाळली जाते, तिथे गाडीच्या आवाजाला वेगळा अर्थ असतो. आमच्या गल्लीत जाळीची व्हॅन वळली की बायका पोरांना दंडाला धरून आत ओढत. कुणी काही बोलत नसे. "गाडी आली" एवढंच. कुठली, कशाची, हे सांगावं लागत नव्हतं. आजी दाराला आतून कडी लावून तिथेच जमिनीवर बसायची, आवाज लांब जाईपर्यंत. 1986 मध्ये गावाबाहेरच्या सगळ्या वाटांवर नाकाबंदी होती, गाड्या थांबवून चेहरे पाहिले जात. शिवसेनेचे छगन भुजबळ आंदोलनासाठी वेषांतर करून आत आले ती गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. पोरं ती ऐकताना भुजबळांचं ऐकतात. मला आठवतात ती थांबवलेल्या बसमधली बाकीची माणसं, आपापली पिशवी मांडीवर उघडून बसलेली.

त्या व्हॅनमधल्या शिपायांपैकी कित्येकांचं वय तेव्हा माझ्या आजच्या मुलाएवढं असेल. त्यांनाही गल्ली ओळखीची नव्हती, भाषा नव्हती. हे समजायला मला बरीच वर्षं लागली. समजलं म्हणून आजीचं ते बसणं पुसलं जात नाही.

*

दर 1 नोव्हेंबरला बेळगावात दोन मिरवणुका. राणी चन्नम्मा सर्कलकडे राज्योत्सवाची, लाल-पिवळे झेंडे. संभाजी उद्यानाकडून मराठा मंदिराकडे मराठी माणसांची काळ्या दिनाची निषेधफेरी, दंडाला काळ्या फिती. मधल्या रस्त्यांवर पोलिसांच्या गाड्या आडव्या लावलेल्या असतात, नाक एकीकडे, मागची बाजू दुसरीकडे. गाडी त्या दिवशी वाहन नसते, भिंत असते. 2014 च्या 1 नोव्हेंबरला गावाचं सरकारी नाव बेळगावी झालं. बॅरिकेडवरचं जुनं इंग्रजी नाव रंगवून टाकलं, पण पातळ रंगाखालून ते पुढची दोन-तीन वर्षं दिसत राहिलं.

*

लाल दिवा. 1 मे 2017 पासून मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचे दिवे उतरले. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांच्यासारख्या तातडीच्या कामाच्या गाड्यांनाच दिवा उरला. फार चांगला निर्णय. त्याआधी महामार्गावर दिवा दिसला की कुणी साहेब चालले असं लोक समजत आणि नाइलाजाने बाजूला होत. आता दिवा म्हणजे कुणाला तरी मदत हवी आहे. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने अशा गाडीला वाट न देणाऱ्याला 10,000 रुपये दंड आहे. दंडापेक्षा तो अर्थ लोकांच्या मनात बसायला हवा, आणि निपाणीच्या बाजारात तो बसू लागलेला मी पाहिला आहे.

*

उसाचा हंगाम सुरू झाला की चिकोडी-निपाणीच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला, मागचा दिवा असला तर उसात बुडालेला. पोलीस आणि कारखाने मिळून ट्रॉल्यांना मागून रिफ्लेक्टर लावायची मोहीम काढतात, तेव्हा शिपाई रस्त्यात उभं राहून स्वतःच्या हाताने लाल पट्टी चिकटवतात. त्या पट्टीचं तत्त्व बॅटनबर्गचंच. एका पट्टीला लागणारी दोन मिनिटं आणि तिने वाचणारं माणूस, हा हिशेब मला कुठल्याही बंदोबस्तापेक्षा मोठा वाटतो.

*

कायद्याची गंमत नव्हे, वस्तुस्थिती: कोगनोळीच्या अलीकडे 1963 चा कर्नाटक पोलीस कायदा, पलीकडे 1951 चा, जो आधी मुंबई पोलीस कायदा होता. बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात, म्हणजे एके काळी दोन्ही बाजूंना एकच कायदा. चोर पूल ओलांडून गेला म्हणून गाडीने थांबायचं नसतं. पाठलाग करून देशात कुठेही पकडायचा अधिकार जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 48 व्या कलमात होता, नव्या संहितेतही आहे.

पण मदत मागणाऱ्याचं काय? कोगनोळीजवळ मोबाइल कधी या राज्याचा टॉवर धरतो, कधी त्या राज्याचा. पूर्वी 100 लावलं की जिल्ह्यातच कुणीतरी फोन उचलायचं. आता 112. रात्री शेतातल्या घरातून घाबरलेल्या बाईने तो लावला तर उचलणारा कुठल्या राज्याच्या नियंत्रण कक्षात बसलेला असेल, आणि ती मराठीत म्हणाली "मत्तिवड्याच्या वाटेवर, ओढ्यापाशी" तर त्याला कोणता ओढा दिसेल?

*

भाची वेल्समध्ये कार्डिफला शिकते. तिला माझं हे वेड माहीत आहे, म्हणून तिने तिथल्या पोलिसांच्या गाडीचा फोटो पाठवला. पिवळ्या-निळ्या चौकटी आणि वर मोठ्या अक्षरांत 'हेद्ली'. हा वेल्श शब्द. 'हेद्' म्हणजे शांतता, 'ली' म्हणजे दल. जोडीला इंग्रजीत पोलीस, तेवढ्याच मानाने.

2021 च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श येणारे लोक 17.8 टक्के होते. त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांना इंग्रजी येतं. 'पोलीस' हा इंग्रजी शब्द कळत नाही म्हणून तिथे 'हेद्ली' लिहिलेलं नाही.

2011 च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा सांगणारे 18 टक्क्यांच्या वर. निपाणीकडे याहून पुष्कळ जास्त. भाषिक अल्पसंख्याकांना देशाने मान्य केलेल्या संरक्षणांत असं आहे की जिथे त्यांचं प्रमाण 15 टक्के किंवा अधिक, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात. त्यावर लक्ष ठेवायला राज्यघटनेच्या 350-ब कलमाखाली आयुक्त आहे.

माझं मागणं एवढंच आहे. कन्नड वर राहू दे, मोठं राहू दे, ते या राज्याचं आहे आणि माझ्या मुलांचंही आहे. त्याखाली एक ओळ मराठीत: 'पोलीस. मदतीसाठी 112'. पुलापलीकडे सोलापूर जिल्ह्यात अक्कलकोटकडे, सांगलीत जतकडे कन्नड बोलणारी गावं आहेत, तिथल्या महाराष्ट्राच्या गाडीवरही कन्नडमध्ये एक ओळ हवी. तेही मी तितक्याच मनापासून मागतो. पट्टी चिकटवायला लागतात दोन मिनिटं.

*

हिवाळी अधिवेशन. सुवर्ण विधानसौध 2012 मध्ये उभी राहिली, तेव्हापासून अधिवेशन भरलं की राज्यभरातले पोलीस बेळगावात. केए-09 म्हैसूर, केए-07 कोलार, केए-38 बीदर. खडेबाजारात एका व्हॅनच्या ड्रायव्हरने माझ्या ओळखीच्या दुकानदाराला वाट विचारली. दुकानदाराचं कन्नड मराठीच्या चालीचं, ड्रायव्हरचं म्हैसूरकडचं. दोघांनाही एकमेकांचं अर्धंच कळलं. शेवटी दुकानदार पायरी उतरून व्हॅनमध्ये पुढे बसला आणि वळणापर्यंत जाऊन परत चालत आला. गल्ल्यावर कुणी नव्हतं.

*

गणपती विसर्जन, कपिलेश्वर तलावाकडे जाणारा रस्ता, पहाटेचे तीन. मिरवणूक संपायला अजून कितीतरी तास. पोलिसांची जीप गर्दीत अशी रुतलेली की पुढे नाही, मागे नाही. तिच्या बॉनेटवर चार-पाच वर्षांची एक मुलगी बसवलेली, गालावर गुलाल, रडून थकलेली. शेजारी एक हवालदार, तिच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरून.

त्याने लाउडस्पीकरचा माइक घेतला. आधी कन्नडमध्ये बोलला. मग थांबला, मुलीकडे पाहिलं, आणि मराठीत बोलू लागला, शब्द शोधत: "पोरगी सापडलाय. लाल फ्रॉक. गाडीजवळ या की लवकर, रडतोय ते." पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. मग माइक त्याने मुलीच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाला, "तू बोल, आई म्हण."

ढोल चालूच होते. त्यांच्यावरून तो एक शब्द रस्ताभर गेला, आणि समोरच्या कट्ट्यावरून एक बाई चप्पल तिथेच टाकून गर्दीत उतरली.